एका कुशीचा वाघ

शिंप्यानं कोट काउंटरवर पसरला, बाहीतून लोंबणारा दोरा दातानं तोडला आणि एकदम हसायला लागला. ती पावती हातात धरून समोर उभी होती. आपल्या तोंडाला काही लागलंय की काय, म्हणून तिनं गालावरून हात फिरवला. "तुम्हाला नाही हसत, ताई," शिंपी म्हणाला. "हा कोट दिसला की गप्पीदास आठवतात. तुम्ही त्यांच्या कोण?" ती म्हणाली, मी मुलगी, पण हा कोट कुणा गप्पीदासांचा नाही, माझ्या वडिलांचा आहे, पावतीवरचा नंबर बघा. शिंप्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पावती बघितली, कॉलरला टाचलेली चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, तेच ते. पाणीपुरवठ्यात नकाशे काढायचे ना? डावा पाय जरा ओढत चालायचे? दर शनिवारी चार वाजता त्या तिथल्या स्टुलावर येऊन बसायचे, आणि सात वाजेपर्यंत इथं कुणाला काम करू द्यायचे नाहीत. "आमची मुरकुंडी वळायची, ताई. एकदा तर हसण्याच्या नादात मी एका गिऱ्हाइकाची पँट चार बोटं आखूड कापली." मग त्यानं विचारलं, बरेच दिवस आले नाहीत, तब्येत बरी आहे ना? तिनं सांगितलं, दोन महिने झाले त्यांना जाऊन.

शिंप्यानं गळ्यातली मापाची टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली आणि तो स्वतःच त्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, मामांची गोष्ट तरी घरी सांगितलीच असेल त्यांनी. ती नाही म्हणाली. शिंप्याला खरं वाटेना. तो सांगायलाच लागला, डोळे पुसत पुसत. एक मामा होते, विसराळू. काही लक्षात ठेवायचं असलं की रुमालाला गाठ मारायचे. एकदा बाहेर असताना रुमाल काढला तर त्याला गाठ. ही कशाची, ते काही आठवेना. घरी गेल्यावर बायकोला विचारू, असं ठरवलं, आणि विचारायचं लक्षात राहावं म्हणून दुसरी गाठ मारली. घटकाभरानं ती दुसरी कशाची, ते आठवेना. म्हणून तिसरी. असं करत करत घरी पोचेपर्यंत सात गाठी, रुमालाचा नुसता चेंडू झालेला. तो बायकोपुढं टाकला, म्हणाले, सांग आता ह्या कशाकशाच्या. मामी म्हणाली, मला काय विचारता? हा रुमाल शेजाऱ्यांचा आहे! शिंपी हसला, आतल्या मशीनवरचा कारागीरही न बघता हसला. त्याला गोष्ट पाठ असावी. "ह्या ओळीला ते उभे राहायचे," शिंपी म्हणाला. "उभे राहून, पदर सावरल्यासारखं करून, मामीच्या आवाजात." तिनं कोट उचलला. बाहेरून तो तिच्या ओळखीचा होता, राखाडी, कोपरांवर जरा झिजलेला. आत नवं अस्तर होतं, जांभळं, चमकदार. "हे कुणी निवडलं?" तिनं विचारलं. "त्यांनीच की. मी म्हटलं, ह्या वयात? तर म्हणाले, आतलं कोण बघतंय."

रस्त्यावर येईपर्यंत तिला राग आला होता. राग शिंप्याचा होता. माणसं म्हातारी झाली की एकाचं दुसऱ्याला चिकटवतात, तसं ह्यानं केलं असणार. स्टुलावर कुणी दुसराच बसत असेल, लंगडणारा, बडबड्या, आणि बाबा आपले कोट टाकून निमूट परत येत असतील. पदर सावरणारे बाबा तिला डोळ्यांसमोर आणताच येईनात. तिच्या बाबांकडे तीन प्रकारचे 'हं' होते. एक हो म्हणायचा, एक नाही म्हणायचा, आणि एक, तू बोललीस ते कानावर आलं एवढं सांगणारा. ते जेवायचे, ताट उचलून ठेवायचे, वर्तमानपत्राची घडी जशी आली होती तशीच परत घालायचे. आई त्यांना मौनीबाबा म्हणायची, त्यांच्यादेखत. त्यावर तिसरा 'हं' यायचा. रात्री ते डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि आई उजव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून. लहानपणी ती दोघांच्या मध्ये निजायची तेव्हा एका बाजूला आईची पाठ असायची, एका बाजूला बाबांची. आई निदान मधूनच वळून तिला कुशीत घ्यायची. बाबांची पाठ मात्र तिला पाठ होती. बनियनच्या पट्टीखालचा तीळ, मणक्यावरचा खळगा, उजव्या खांद्यावरची देवीची खूण. चेहऱ्याचं चित्र काढ म्हटलं असतं तर ती अडखळली असती, पाठ तिनं डोळे मिटून काढून दाखवली असती.

आणि घरात एक वाक्य होतं. 'त्यांचा स्वभावच तसा.' शेजारीण म्हणाली की तुमचे हे कधी बोलत नाहीत हो, तर आई म्हणायची, त्यांचा स्वभावच तसा. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं आणि बाबा नुसतेच बघून गेले, तर आई म्हणायची, अगं, त्यांचा स्वभावच तसा. ते गेले त्या दिवशी, इस्पितळाच्या बाकावर, आईच्या तोंडातून पहिलं वाक्य आलं तेही तेच होतं. हॉस्पिटलवाल्यांनी विचारलं होतं, त्यांनी काही सांगितलं का, दुखतंय, श्वास लागतोय असं काही? नाही, आई म्हणाली, त्यांचा स्वभावच तसा. चाळीस वर्षं ह्या एका वाक्यावर आईचा संसार उभा होता. जो माणूस मुळातच बोलत नाही, त्याच्यावर रुसायचं कशाला? पाऊस पडत नाही म्हणून वाळवंटावर कुणी रुसत नाही. पण तोच माणूस चार गल्ल्या पलीकडे उभा राहून मामीचा आवाज काढत असेल, तर मग हा स्वभाव नव्हता. मग तो फक्त घरच्यांपुरता होता. एवढा विचार करून ती सिग्नलला थांबली, आणि तिनं ठरवलं की हे दोन वेगळे इसम आहेत. घरी गेल्यावर आईनं विचारलं, कोट आणलास? ती म्हणाली, दुकान बंद होतं, शिंपी बाहेरगावी गेलाय. कोट तेव्हा तिच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, छत्रीच्या शेजारी टांगलेला होता.

दोन वेगळे इसम ठरवायची तिला सवय होती. तेच तिचं काम होतं. दातांच्या दवाखान्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर तिच्या संस्थेच्या तीन खोल्या होत्या, आणि नऊ वर्षं ती तिथं बसून वाघांचे पट्टे जुळवत होती. जंगलात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, झाडांना कॅमेरे बांधलेले असत. मधून काहीही गेलं की आपोआप फोटो निघायचा. सांबराचा, साळिंदराचा, गस्तीवरच्या माणसाच्या पायजम्याचा, आणि शंभरात एखादा वाघाचा. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि एकाच वाघाच्या दोन बाजूंचेही नसतात. म्हणून दोन कॅमेरे, दोन कुशी. ज्याची डावी आणि उजवी दोन्ही एका वेळी मिळाली तो पक्का वाघ. ज्याची एकच मिळाली, तो एका कुशीचा. खालून दात कोरायच्या यंत्राची घरघर यायची आणि ती पडद्यावर पट्टे मोठे करून बघत बसायची. ह्याच्या मांडीवर उलटा स्वल्पविराम, हिच्या खांद्यामागे फाटकी चप्पल. ऑफिसात खाकी कपड्यांतला एक पट्टेवाला होता, फायली नेणारा. त्यावरून कुणीतरी तिला पट्टेवाली म्हणायला सुरुवात केली, आणि आता साहेबही सगळ्यांसमोर हाक मारायचे, अहो पट्टेवाल्या बाई. तिला त्याचं काही वाटत नसे. वाघ तिनं कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. बोलावणं दोनदा आलं होतं, एकदा आईला ताप होता आणि एकदा तिला जावंसंच वाटलं नव्हतं.

ह्या वर्षीच्या यादीत असे दोन एका कुशीचे होते. डावा सतरा आणि उजवा एकतीस. सतराच्या खांद्यामागं दोन पट्टे एकमेकांना छेदून गेले होते, उघड्या कात्रीसारखे. एकतीसच्या बरगड्यांवर एक शिडी होती, तिची मधली पायरी तुटलेली. सतरा कायम ओढ्याच्या अलीकडे दिसायचा, तिथला समोरचा कॅमेरा मुंग्यांनी आतून पोखरला होता. एकतीस कायम पलीकडे, तिथला जोडीदार कॅमेरा अस्वलानं उखडून चघळला होता. नियम सांगत होता की एका कुशीचे मोजताना एकतर सगळे डावे धरा, नाहीतर सगळे उजवे. दोन्ही धरलेत तर एकच वाघ दोनदा मोजला जाईल. पण खास कारण लिहून दिलं तर दोघांना धरता येई. तिनं कारण लिहिलं होतं. ओढा बारमाही, पात्र खोल, तीन वर्षांत ओलांडल्याची एकही नोंद नाही, सबब दोन स्वतंत्र वाघ. खाली सही. त्या सहीनं आकडा सत्तेचाळीसवर गेला, मागच्या मोजणीपेक्षा एकानं जास्त, आणि साहेबांनी टेबलावर थाप मारून म्हटलं, वा, पट्टेवाल्या बाई, तुम्ही तर बाळंतपण केलंत. त्याच आनंदात त्यांनी पाच जणांची जंगलाची सहल ठरवली. अहवाल छपाईला गेलाच होता. पुढच्या सोमवारी आकडा जाहीर व्हायचा होता.

आईनं कोटाबद्दल पुन्हा विचारलं, मग पुन्हा. शिंपी अजून आला नाही का? असा किती दिवस जातो गं माणूस? आईला कोट का हवा होता कोण जाणे. बाबांचे बाकीचे कपडे तिनं आठवड्याभरात वाटून टाकले होते, कपाटाची ती बाजू धुऊन पुसून कोरडी केली होती. एक कोट तेवढा राहिलाय, आई म्हणायची, तो एकदा आला की झालं. पण पलंगावर ती अजून स्वतःच्याच अर्ध्या भागात झोपायची, उजव्या कुशीवर, मागची अर्धी गादी कोरी सोडून. दुपारीसुद्धा. मुलगी दारातून बघायची आणि कोटाचं सांगणं पुढं ढकलायची. काय सांगणार? कोट दिला असता तर अस्तर दिसलं असतं. अस्तर कुणी निवडलं हे आईनं विचारलं असतं, आणि मग शिंपी, स्टूल, शनिवार, सगळंच धाग्याला धागा लागून उसवत आलं असतं. आईचं म्हातारपण एका वाक्यावर टेकलेलं होतं, आणि ते काढून घ्यायचं काम हिच्या गळ्यात आलं होतं. त्यापेक्षा दोन इसम बरे. एक घरचा, एक दुकानातला. एकमेकांच्या वाटेत न येणारे.

सहलीला निघताना थंडी पडेल म्हणून तिनं ऑफिसातल्या कपाटातून तोच कोट काढला. पहाटे सहाच्या ठोक्याला फाटक उघडलं आणि उघडी जीप आत शिरली तेव्हा तिनं कोट गळ्यापर्यंत लावून घेतला. अंगाला अस्तर गार लागलं, मग हळूहळू कोमट झालं. साहेब पुढच्या बाकावर दुर्बीण घेऊन, पहिल्यांदाच शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. ड्रायव्हरशेजारी गाईड, पन्नाशीचा, कानटोपी घातलेला, मागं न बघता बोलणारा. धुकं गवताच्या कमरेपर्यंत होतं, त्याच्यावर चितळांची डोकी तेवढी दिसत होती, धड नसलेली. त्यांनी जीपकडं पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. एक कोल्हा रस्त्याच्या कडेनं ऑफिसला उशीर झाल्यासारखा घाईघाईनं गेला. सगळं तिला पडद्यावर पाहिल्यासारखंच वाटत होतं, फक्त वास जास्तीचा होता, ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा, आणि गारठ्यानं नाकाचा शेंडा बधिर झाला होता. गाईडनं हात वर केला. ड्रायव्हरनं इंजीन बंद केलं. दूर कुठंतरी वानर खोकला, मग दुसरा. मग चितळाची शीळ. "उठलाय," गाईड म्हणाला. "जावई उठलाय."

साहेबांनी विचारलं, जावई कोण? गाईड म्हणाला, इथल्या वाघाला आम्ही जावई म्हणतो. तो आला की सगळे उभे राहतात, तो कुणाकडं बघत नाही, पोटभर जेवतो आणि झोपतो. जीपमध्ये हशा पिकला. तिनं सहज म्हणून विचारलं, ओढ्याच्या अलीकडचा ना हा? "सकाळी अलीकडं, संध्याकाळी पलीकडं," गाईड म्हणाला. "रोजची फेरी आहे त्याची, घड्याळ लावून घ्यावं." ती म्हणाली, पण ओढा ओलांडत नाही तो. तीन वर्षांत नोंद नाही. आता मात्र गाईडनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "ओढा कशाला ओलांडेल, बाई? खाली गस्तवाल्यांचा लाकडी पूल आहे. त्याच्यावरून जातो. माणसासारखा. पाय ओले करायला आवडत नाही त्याला." पुलावर कॅमेरा नव्हता. वाघ पुलावरून जाईल हे तीन खोल्यांत बसून कुणाला सुचणार होतं?

पाणवठ्याच्या कडेला, वाळलेल्या गवतात, तो आडवा पडला होता. पहिल्यांदा तिला दिसलाच नाही. गाईडनं बोट केलं, साहेबांनी बोट केलं, ड्रायव्हरनं बोट केलं, आणि ती गवतच बघत राहिली. मग गवताच्या एका भागानं शेपटी हलवली. नऊ वर्षं ज्याचे तुकडे बघितले तो अखंड समोर होता, अपेक्षेपेक्षा मोठा आणि अपेक्षेपेक्षा मळकट, कानाशी गोचिडी असलेला. वरच्या बाजूला त्याची डावी कूस होती. तिनं न ठरवता वाचायला सुरुवात केली, आधी खांदा, मग खांद्यामागं. कात्री. उघडी कात्री, तीच, वरचं पातं जरा लांब. सतरा, ती मनात म्हणाली, बरा आहेस ना? तिला खरोखर आनंद झाला, गावाहून आलेलं कुणी स्टेशनवर भेटावं तसा. सगळे फोटो काढत होते. वाघानं जांभई दिली, पंजे हवेत ताठ केले, पांढरं पोट आभाळाला दाखवलं आणि सावकाश कूस बदलली. बरगड्यांवर शिडी होती. मधली पायरी तुटलेली.

ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. पायऱ्या तिनं दोनदा मोजल्या. मग पुढं वाकून हळूच म्हणाली, "साहेब, हे दोघं एकच आहेत." साहेब दुर्बिणीतून बघत होते. "कोण दोघं? मला तर एकच दिसतोय." "तेच म्हणतेय मी." साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांच्या डोळ्यांभोवती दोन लाल वर्तुळं उमटली होती. समजायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांनी आधी गाईडकडं पाहिलं, त्यानं ऐकलं की काय म्हणून. परतीच्या वाटेवर ते तिच्या शेजारी येऊन बसले आणि जीपच्या आवाजाखाली बोलू लागले. छपाई झालीय. सत्तेचाळीस म्हणून मी वर तोंडी सांगून बसलोय. तुमच्या सहीनं दोन झाले, आता तुमच्या डोळ्यांनी एक करू नका. "आणि मी म्हणतो, यादीत एक जास्त राहिला तर कुणाचं काय बिघडतंय? कुणाच्या पोटावर पाय येतोय? उलट सगळे खूश आहेत." तिच्या तोंडून एक 'हं' निघाला. तो ऐकून ती स्वतःच दचकली, कारण तो तिसरा होता, नुसतं ऐकलं म्हणणारा, हुबेहूब. साहेबांना वाटलं, हो म्हणाली. ते पुढच्या बाकावर परत गेले.

मग दोन दिवस ती नेहमीसारखी वागली. पण साहेबांचं वाक्य डोक्यातून जाईना. कुणाचं काय बिघडतंय? हे तिचंच वाक्य होतं. महिनाभर ती तेच स्वतःला सांगत आली होती, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत ते इतकं ओशाळवाणं वाटलं नव्हतं. आणि बिघडत होतं, तेही तिला दिसत होतं. दोन कुशींचे दोन वाघ केले की त्यातला कुठलाच वाघ उरत नाही. नुसती कातडी उरतात, एक डावं, एक उजवं. जांभई देणारा, पुलावरून जाणारा, पाय ओले करायला नको म्हणणारा तो जावई यादीत कुठंच नव्हता. तिला आठवलं, एकदा लहानपणी ती उलट्या बाजूला, भिंतीच्या आणि बाबांच्या मधल्या फटीत घुसून झोपली होती. चेहरा बघायला. बाबा जागे होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता, बोलण्याची तालीम करत असावेत तसे. तिला बघून थांबले, आणि तिला उचलून परत आईच्या बाजूला ठेवलं. हे इतकी वर्षं कुठं होतं? तिनं ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

शुक्रवारी साहेब बाहेर मीटिंगला गेले होते. तिनं सतरा आणि एकतीस शेजारी शेजारी उघडले. खाली दवाखान्यात कुणाचा तरी दात कोरत होते. दोन्ही नोंदी निवडल्यावर पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला, दोन्ही नोंदी एक करायच्या का, केल्यास मागे घेता येणार नाही. तिनं हो दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दोन्ही कुशी प्रत्यक्ष पाहिल्या.' यादी तीसवरून बत्तीसवर गेली, मध्ये नुसती एक रेघ. एक वाघ जंगलात न मरता कमी झाला होता. साहेबांना चिठ्ठी लिहिली, चूक माझी, सुधारणेवर सही माझी, अहवालात शुद्धिपत्र घालावं लागेल, आणि ती पट्टेवाल्याकडं दिली. त्यानं विचारलं, काय आहे? ती म्हणाली, बाळंतपण उलटं झालं. मग कपाटातला कोट काढून हातावर घेतला आणि दुपारीच घरी आली.

आई आडवी झाली होती, खिडकीकडं तोंड करून. झोपली नव्हती. लवकर कशी, असं विचारणार, तेवढ्यात तिला कोट दिसला. "आला का शिंपी?" "तो कुठं गेलाच नव्हता. महिना झाला कोट आणून. मी खोटं बोलले." आई उठून बसली नाही. हात पुढं केला. कोट पोटाशी घेऊन तिनं आधी कोपरं बघितली, मग बटणं, मग आत हात घातला आणि थांबली. अस्तर उजेडाकडं धरलं. "हे काय?" मुलीनं पलंगाच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. स्टूल, शनिवारचे चार, गप्पीदास, मशीनवरचा कारागीर, आखूड झालेली पँट. काही गाळलं नाही. सांगताना ती खिडकीच्या गजांकडं बघत होती. आईनं मध्ये एकदाही विचारलं नाही की घरी का नाही बोलले मग. तो प्रश्न खोलीत होता, दोघींना दिसत होता. शेवटी आई म्हणाली, "काय सांगायचे एवढं?"

तिनं मामांची गोष्ट सांगितली. तिला गोष्टी सांगता येत नाहीत. ती अहवाल वाचल्यासारखी सांगत गेली, पहिली गाठ, दुसरी गाठ, सात गाठी, शेजाऱ्यांचा रुमाल. आई हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी फार सावकाश होत होतं.

"ही माझी गोष्ट आहे," आई म्हणाली. "मामा माझे. लग्न झालं त्या वर्षी मी ह्यांना सांगितली होती, ह्याच पलंगावर. हसले नाहीत. उठले आणि नळ गळतोय म्हणून बंद करायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, आवडली नाही. परत काही सांगायला गेले नाही मी." बोट अस्तरावरून फिरत होतं, शिवणीच्या कडेनं, वर आणि खाली. "दर शनिवारी म्हणतेस?"

"दर शनिवारी. मामीचा आवाज काढून. उभे राहून."

"पण शेवट असा नाहीये."

"मग?"

"घरी पोचले मामा, तर दाराला कुलूप. किल्ली मामीजवळ. आणि मामी कुठं? तिला बसस्टॉपवर बाकावर बसवून, गाडी कितीला आहे बघून येतो म्हणून गेले होते, ते तसेच घरी आले. पहिली गाठ तिचीच होती. पळत परत गेले. मामी तिथंच, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मामांनी रुमाल पुढं धरला, म्हणाले, बघ, तुला विसरू नये म्हणून सात गाठी मारल्या. मामी म्हणाली, सातही घट्ट आहेत हो. लग्नात एक मारली होती, तीच तेवढी सैल निघाली."

मुलगी हसली. आवरायच्या आत हसू फुटलं, मोठ्यानं, आणि मग थांबेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई तिच्याकडं बघत होती, तब्येतीनं गोष्ट सांगणारा माणूस ऐकणाऱ्याकडं बघतो तसं. इतक्या वर्षांत आईला अशी बघताना तिनं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मामीला तिथंच बसवून ठेवलं ह्यांनी," आई म्हणाली. "बाकावर. चाळीस वर्षं."

तिनं कोटाची घडी घातली, जांभळी बाजू वर ठेवून. मग कूस बदलली. हे तिला नीट जमलं नाही, गुडघा मध्ये आला, उशी खाली सरकली. पण वळली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच कोऱ्या अर्ध्या गादीकडं, भिंतीकडं तोंड करून पडली. कोट त्या जागेवर ठेवला. मुलीला आता तिची पाठ दिसत होती. ती उठून जायला निघाली तेव्हा आईचा आवाज भिंतीला लागून आला.

"उद्या शनिवार ना? चारला मला तिकडं ने. त्या शिंप्याला शेवट मी सांगते."